पेव सांगून खणलेलं तळघर

१९ नोव्हेंबर १९७२
आज खणायला सुरुवात. मागच्या अंगणात, न्हाणीघर आणि कंपाउंडची भिंत यांच्या मध्ये. हणमंता वडार, त्याची बायको, भाऊ. पहिला टिकाव पडायच्या आत आई, आमची अव्वा, विभूती आणि नारळ घेऊन आली. तिला सांगितलंय, ज्वारी साठवायला पेव करतोय. तिच्या माहेरी मंगळवेढ्याला घरोघर पेवं होती, त्यामुळे लगेच पटलं. "बरं सुचलं की रे मल्लू. माझ्या बापानं शेवटपर्यंत पेव बुजू दिलं नव्हतं." नारळ तिनेच फोडला. पाणी जेमतेम निघालं. यंदा नारळातसुद्धा पाणी नाही.

शांता स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिला खरं काय ते माहीत आहे. पदराला हात पुसत आत गेली.

२६ नोव्हें.
माती संपली, मुरूम लागला. हणमंता म्हणतो, "भुसभुशीत हाय मास्तर, घाई नगं, भिंत ढासळंल." घाई मला नाही. तीन उन्हाळे थांबलोय.

पहिल्या वर्षी घरी केलेली वाइन स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवली. एप्रिलमध्ये व्हिनेगर. दुसऱ्या वर्षी कपाटात, आत बर्फाची परात. मे महिन्यात व्हिनेगर. गेल्या वर्षी पलंगाखाली. शां. म्हणाली, "झोपेतसुद्धा आंबट वास येतो." या गावात उन्हाळ्यात जमिनीवर काही टिकत नाही. टिकलं तर जमिनीखालीच.

र्‍हाईनकाठच्या जर्मन गावात घरमालक म्हाताऱ्याने एकदा मला त्याच्या तळघरात नेलं होतं. कापडमिलने रंगखात्याच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं तेव्हा. दगडी पायऱ्या, गार अंधार, भिंतीला आडव्या बाटल्या. एक पेला भरून दिला आणि स्वतः बाकावर बसला. तो बोलला नाही, मीही नाही. भाषाच नव्हती. तासभर तसेच बसलो. त्यानंतर माझ्यासोबत तसं कोणी बसलेलं नाही. हे शां.ला सांगितलं तर हसेल. म्हणून इथे.

१० डिसेंबर
पुरुषभर खोल झालं. उतरून उभा राहिलो. वरची मंडळी बोलत होती ते लांबून बोलल्यासारखं ऐकू येत होतं. थर्मामीटर तासभर ठेवला. फरक पडतो, चांगलाच पडतो.

शेजारची राजम्मा भिंतीवरून डोकावली. हिचा नवरा घरीच मागावर चादरी विणतो, दिवसभर खटक-खटक. "मास्तर, हे काय, आड खणताय का?" आड म्हणजे विहीर. म्हटलं, नाही, पेव. "पेव," ती म्हणाली. "त्यात घालायला ज्वारी कुठून आणणार?" रेशनवर मिलो मिळतोय, परदेशी लाल ज्वारी, त्याच्या भाकरी तोडताना जबडा दुखतो.

खोटं बोलताना यंदा दुष्काळ आहे एवढं तरी बघायला हवं होतं.

२२ डिसें.
व्हायचं तेच झालं. गल्लीत बातमी: रंगमास्तर पेव भरून ज्वारी दडवतोय. मिलमध्ये माझ्याच खात्यातला एक जण तोंडावर म्हणाला, "आमाला बी एक पायली द्या की साहेब." संध्याकाळी पुरवठा खात्यातला माणूस घरी. अव्वाने त्याला चहा दिला, अभिमानाने खड्डा दाखवायला नेलं. रिकामा खड्डा बघून तो माझ्याकडे वळला. "हे कशासाठी म्हणालात?" पेव, म्हटलं. "यंदा?"

पिण्याचं परमिट मिळतं आता, करण्याचं मिळत नाही. धान्याचा साठेबाज ठरलेलं बरं की दारू गाळणारा ठरलेलं, एवढीच निवड होती.

तो गेल्यावर शां. म्हणाली, "अव्वांना तरी खरं सांगा." म्हटलं, सांगीन. "कधी?" तळघर झालं की. "म्हणजे बाटल्या लागल्यावर." तिला माझी वाक्यं पुरी करायची सवय आहे. नेहमी वाईट बाजूने पुरी करते.

११ जानेवारी १९७३
बसू आला होता. शां.चा धाकटा भाऊ. बार्शी रोडला त्याची द्राक्षबाग आहे, माझी सगळी द्राक्षं तिथलीच. त्याच्या विहिरीचा तळ दिसतोय. "दाजी, निम्म्या वेली सोडून दिल्या. उरलेल्या निम्म्या मार्चपर्यंत नेल्या तर नेल्या." गडीमाणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, पाणी तो स्वतः कावडीने घालतो. हातांची कातडी सोलवटलेली. तरी म्हणाला, "तुमच्यापुरती देतो. काळी देतो, हिरवी थॉमसन नाही."

मी त्याला खड्डा दाखवला. फळ्या दाखवल्या, बाभळीच्या, रंध्याने साफ करून घेतलेल्या. बाटल्या आडव्या ठेवण्यासाठी खाचासुद्धा मीच पाडल्यात. त्याने बोट फिरवून बघितलं. "छान झालंय, दाजी." तो एकटाच असं म्हणालाय.

३ फेब्रुवारी
खड्डा दोन पुरुष खोल झाला. आज तळाची माती हाताला गार लागली. गार ठीक. ओली लागली. हणमंताने मूठभर उचलली, दाबली, बोटांच्या फटीतून चकाकली. "मास्तर." एवढंच म्हणाला.

म्हटलं, मागच्या ओढ्याचा जुना झिरपा असेल, थांबेल. थांबायला हवं.

५ फेब्रु.
थांबलं नाही. ओढ्याच्या बाजूने, गुडघ्याएवढ्या उंचीवर मुरुमात फट आहे, तिथून बोटाएवढी धार. सकाळी तळाला घोटाभर पाणी होतं. मला मिलला निघायचं होतं. हणमंताला म्हटलं, सिमेंट आणतो, फट बुजवू, डांबर लावू. माझ्या खात्यातल्या हौदांना लावतात तसं. होईल.

तो शिडीवर उभा. त्याची बायको खाली होती. तिने ओंजळ भरून तोंडावर मारली, मग प्यायली, मग रडायला लागली. मी वरून म्हणत होतो, पिऊ नका, गढूळ आहे.

संध्याकाळी परत आलो तर मागच्या अंगणात बायकाच बायका. घागरी, कळशा, हंडे, डबे. राजम्मा शिडीच्या तोंडाशी उभी राहून एकेकीला खाली सोडते आहे. शां. शेजारी. मला बघून म्हणाली, "मी बोलावलं."
विचारलं असतंस तर.
"विचारलं नाही. बोलावलं."

अव्वा ओसरीवर बसून विभूती लावत होती, येणाऱ्या प्रत्येकीला. "नीरु बंतु," म्हणत होती, पाणी आलं, पाणी आलं. इतकी खूश तिला माझे वडील गेल्यापासून बघितली नव्हती. पेव मागितलं आणि देवाने आड दिला, असं तिचं म्हणणं.

१२ फेब्रु.
पहाटेपासून रांग. नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही करंगळीएवढा. मी दाढी करतो तेव्हा खिडकीबाहेर घागरी आपटतात. नवऱ्यांचा उद्धार, पोरांचा उद्धार, सरकारचा. माझ्या फळ्या भिंतीला उभ्या केल्या होत्या. त्यातल्या दोन आडव्या टाकून त्यावर घागरी ठेवतात. एक फळी खड्ड्यात, पाय ठेवायला. मी पाडलेल्या खाचांत चिखल बसलाय.

पाण्याला नाही म्हणणारा माणूस कसा दिसतो ते मला कळतं. पण मला कोणी विचारलं नाही हे खरं, आणि विचारलं नाही याचं मला वाईट वाटतं हेही खरं. गल्लीत सगळे आता "शांताबाईंचा आड" म्हणतात.

१ मार्च
हणमंताचा हिशेब पुरा केला. जाताना म्हणाला, "लई पुण्य लागलं बगा मास्तर." माझ्या तोंडाकडे बघून टिकाव खांद्यावर टाकला.

मिलमध्ये साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर कौतुक केलं. स्वतःच्या घरात गल्लीसाठी विहीर खणली. मी मान हलवली. एकदा पेव म्हणालो, एकदा विहीर खणली म्हणून कौतुक घेतलं. खरं मात्र गल्लीत किंवा मिलमध्ये कोणालाच सांगितलेलं नाही.

१८ मार्च
बसूने काळी द्राक्षं आणली. पाट्या कमी, मणी बारीक, साल जाड, पण गोडी अशी की जीभ चिकटते. पाणी न मिळालेल्या वेलीला गोडी जास्त येते म्हणे. बसू अंगणातली रांग बघत उभा राहिला. म्हणाला, "तुमच्याकडे झरा आणि माझ्याकडे बाग. उलटं व्हायचं होतं, दाजी."

शां. अव्वाला घेऊन मठात गेली होती. मी न्हाणीघरात दार लावून पाट्या कुस्करल्या. हातांनी, कोपरापर्यंत. चिनी मातीच्या मोठ्या बरण्या भरल्या, तोंडाला फडकं. आज बऱ्याच महिन्यांनी बरं वाटलं. हात जांभळे झाले ते निघत नाहीत. रंगखात्यातल्या माणसाचे हात कोणी बघत नाही, एवढा एक फायदा.

२ एप्रिल
आंबणं छान चाललंय. कान लावला की बरणीत बारीक चुरचुर ऐकू येते. पण हवा तापली. न्हाणीघरातही दुपारी पारा चढतो. असंच राहिलं तर पंधरवड्यात संपलं, चौथं वर्षही गेलं. बरण्यांभोवती गोणपाट गुंडाळलं, वर पाणी मारलं. लगेच उतार पडतो. पण गोणपाट दुपारी कोरडं. सतत ओलं ठेवायला हवं. रोजच्या निदान दोन घागरी.

अव्वा विचारते, न्हाणीघरात वास कसला? रंगाचा, म्हटलं. प्रयोग करतोय.

१४ एप्रिल
धार बारीक झाली. आता टपटप. रात्रभर साचतं ते सकाळी तासाभरात संपतं. रांगेत शेवटच्या पाच-सहा जणी रिकाम्या जातात. काल दोघींची झोंबाझोंबी झाली.

आज सकाळी मीच रांगेपुढे जाऊन सांगितलं. घर माझं, खड्डा माझा. रोज पहिल्या चार घागरी घराच्या. मग तुमचं काय ते. राजम्मा म्हणाली, "बरोबर आहे मास्तर. घरचं आधी." तिने स्वतः खाली उतरून चार घागरी भरून दिल्या.

दोन घरात वापरायला. दोन न्हाणीघरात.

शां. आत आल्यावर म्हणाली, "ह्या घरात मी एक खिडकी मागितली होती. स्वयंपाकघराला, पूर्वेला. दर उन्हाळ्यात म्हणालात, पुढच्या वर्षी बघू. जमिनीखाली अख्खी खोली मात्र लगेच झाली." मी म्हटलं, कुठे झाली? विहीर झाली. "ती तुम्ही केली नाही," म्हणाली.

२३ एप्रिल
लिहायचं की नाही. लिहितो.

आज राजम्माची सून घागर रिकामी घेऊन परतली. बाळंतीण आहे, पोरगी महिन्याची. राजम्मा शां.कडे आली, तांब्याभर तरी दे म्हणायला. शां. घरात नव्हती, मी ऑफिसच्या कपड्यात. अव्वा म्हणाली, "न्हाणीत घागर असेल की, घे." मी उठेपर्यंत राजम्माने दार उघडलं होतं.

बरण्या. ओलं गोणपाट. खाली मोरीत ठिबकणारं पाणी.

ती वाकली, गोणपाटाला हात लावला, हात नाकाशी नेला. सगळं कळलं तिला. ओरडली नाही. बाहेर येऊन अव्वासमोर उभी राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आमच्या पोरीला चार दिस आंघोळ न्हाई, मास्तर. तुमच्या दारूच्या बरणीला रोज."

आणि तांब्या न घेता गेली.

मी म्हणणार होतो की ती दारू नाही. वाइन वेगळी. म्हणणार होतो की खड्डा मुळात यासाठीच खणला, पाणी नंतर आलं, पाण्यावर तुमचा हक्क कसा लागला. सगळं खरं आहे.

२४ एप्रिल
अव्वा काल जेवली नाही. आज सकाळी मला बोलावलं. गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून बसली होती.
"पेव म्हणालास की रे."
"माझ्या हातनं नारळ फोडून घेतलास."
म्हटलं, अव्वा, औषधासारखं असतं ते. द्राक्षाचा रस. तिकडे म्हातारे लोकसुद्धा जेवताना घेतात.
"तिकडे जा मग."
थोड्या वेळाने म्हणाली, "पिणारी माणसं लई बघितली मल्लू. तुझा काका प्यायचा. पण तो पितो म्हणून सांगायचा."

खड्ड्याच्या पाण्याला आता ती हात लावत नाही. पूजेला नको, प्यायला नको. नळाला पाणी नाही. शां. हात जोडून म्हणाली, पाणी तेच आहे अव्वा, गल्ली पितेय. "गल्लीला माहीत नव्हतं तोवर. मला माहीत झालं."

२९ एप्रिल
अव्वाला एस.टी.त बसवून आलो. मंगळवेढ्याला, माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे. अक्काच्या गावात चार मैलांवरून पाणी आणतात. हे तिला सांगितलं. म्हणाली, "ब्याड, काही नको सांगू. तिथलं पाणी पाणी आहे." खिडकीपाशी बसली. मी बाहेर उभा. बस सुटेपर्यंत तिने माझ्याकडे बघितलं नाही, ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत बसली. या वयात, अशा उन्हात.

घरी आलो. शां. म्हणाली, "पोचल्यावर अक्का निरोप देतील." मग म्हणाली, "गोणपाट सुकलंय. भिजवायचं असेल तर भिजवा. मी भिजवणार नाही आणि मी अडवणारही नाही."
भिजवलं नाही. चांगुलपणा म्हणून नाही. चीड आली म्हणून. जाऊ दे, नासू दे, सगळ्यांचं समाधान होऊ दे.

राजम्माने कोणाला सांगितलेलं दिसत नाही. पोलीस आले नाहीत. रांगेत पूर्वीसारखंच चालतं, फक्त मी अंगणात आलो की बायका बोलायच्या थांबतात. यापेक्षा तिने तक्रार केली असती तर बरं. निदान भांडता आलं असतं.

१३ मे
पारा किती ते लिहीत नाही, डोळ्यांनी बघितलं तेवढं पुरे. दोन बरण्या गेल्या. फडकं काढताच कळलं. शां.ने न विचारता एक कढईभर घेऊन तांब्याची भांडी घासली. लखलखीत निघाली. ती भांडी फडताळात ओळीने मांडून ठेवलीत, मला दिसतील अशी. कदाचित नसेल तसं. मलाच तसं दिसत असेल.

तिसरी बरणी न्हाणीघराच्या आतल्या कोपऱ्यात, दोन्ही भिंती दगडी. ती अजून तग धरून आहे. तिच्याकडे मी जात नाही.

२७ मे
बसू आला. दाढी वाढलेली. बाग तोडली. शेवटची ओळसुद्धा. खोडं जळणाला, पाला शेळ्यांना. धनगर आले होते, त्यांनाच सांगितलं घेऊन जा म्हणून. सांगताना आवाज नेहमीचा. "लावताना तीन वर्षं वाट बघितली होती, दाजी. तोडायला एक सकाळ."

जेवला नाही. मग म्हणाला, "त्यातलं काही उरलंय का? माझ्या द्राक्षांचं."
शां. तिथेच होती. मी तिच्याकडे बघितलं. ती उठली, दोन स्टीलचे पेले आणून ठेवले आणि आत गेली.

तिसऱ्या बरणीतलं गाळून दिलं. मीही घेतलं. चांगली झालीय. खरंच चांगली. इतकी वर्षं जे जमवायला बघत होतो ते हेच, जाड, थोडं तुरट, मागे बराच वेळ राहणारं. बसूने एक घोट घेतला, पेला खाली ठेवला. "कळतंय," म्हणाला. "वरच्या बाजूच्या वेलींचं आहे हे. तिथली माती तांबडी." मग तोंडावर हात ठेवून बसला. खांदे हलत होते.

मी काय करावं कळेना. शेजारी बसून राहिलो. असं कोणीतरी येऊन बसावं म्हणून तर सगळं केलं होतं. बसलो तर असं.

जाताना शां. त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. माझ्याकडे बघून तिने नेहमीसारखं तोंड फिरवलं नाही.

८ जुलै
पाऊस झालाय. बरा झालाय. ओढ्याला पाणी. खड्डा अर्ध्याच्या वर भरला, फटीतून आता धो-धो आत येतं. तळघराचा प्रश्न देवानेच मिटवला, असं मिलमध्ये गमतीने कोणी म्हणालं असतं, पण मिलमध्ये माहीतच नाही.

नळ दिवसाआड. रांग संपली. अंगण इतकं रिकामं की राजम्माच्या घरचा माग पुन्हा ऐकू यायला लागला. मधले महिने तो चालूच असणार. घागरींच्या आवाजात कळत नव्हता.

१९ ऑगस्ट
मंगळवेढ्याला जाऊन आलो. अव्वा वाळलीय, पण चालते-फिरते. अक्काच्या परसात बसून शेंगा सोलत होती. मीही बसून सोलल्या. शेजारच्यांची म्हैस, पेरणी, कोण कुठे गेलं, सगळं बोलली. घराचं नाव काढलं नाही. निघताना म्हटलं, बरणी रिकामी केली अव्वा. आता काही नाही घरात.
"रिकामी केलीस की पिऊन टाकलीस?"
बसू आणि मी प्यायलो, म्हटलं. बसूची बाग गेली.
तिने हातातली शेंग सोलली, मग म्हणाली, "खरं बोललास." आणि, "खड्ड्याचं काय ते ठरव. मग परतीच्या बसचं बघू."
ठरव म्हणजे काय, ते सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाली, "तुला माहीत आहे काय ठरवायचं. मला कशाला विचारतोस? आधी विचारलं होतंस का?"

२६ ऑगस्ट
कोणाची तरी शेळी खड्ड्यात पडली. ओरडा ऐकून मी आणि राजम्माचा नवरा धावलो. त्याने आमचा दोर सोडला, मी शिडीवरून उतरून शेळीच्या पोटाखाली फास घातला. काढली. दोघं भिजून अंगणात उभे. त्याच्याशी मी आजवर दहा वाक्यं बोललो नसेन. तो म्हणाला, "उघडा ठेवून चालणार न्हाई, मास्तर." नाहीच चालणार.

३० ऑगस्ट
गवंडी येऊन बघून गेला. दोन मार्ग म्हणाला. एक: दिवाळीनंतर ओढा उतरला की इंजिन लावून उपसायचं, फट सिमेंटने बंद करायची, आतून विटांची भिंत, डांबर, वर स्लॅब. कोरडीठाक खोली होईल, याची खात्री देतो. तोवर वर पत्रा टाकून ठेवू. दोन: वर विटांचा कट्टा बांधायचा, रहाट बसवायचा, आत्ताच होईल.

खात्री देतो म्हणाला. मी पुन्हा विचारलं. "व्हय की. तुमच्या मिलच्या हौदासारखं."

म्हणजे होऊ शकतं. मला वाटलं होतं, ते संपलं.

शां.ला सांगितलं. कणीक मळत होती. "मला विचारू नका. विचारलंत तर सांगेन." विचारलं नाही.

२ सप्टेंबर
विटा आल्या. भिंतीला लावून रचून ठेवल्यात. आतून लावायच्या की वर, ते गवंडी उद्या सकाळी आल्यावर विचारणार.

आता कोणी काही मागत नाही. नळाला पाणी आहे, ओढ्याला आहे, गल्लीला माझ्या खड्ड्याची गरज उरलेली नाही. हेच बोचतं. मागत असते तर नाही म्हणता आलं असतं. किंवा हो.

बसू म्हणतो पुन्हा लावीन, याच पावसावर, निम्मी. तीन वर्षं लागतील. मग द्राक्षं लागतील काळ्या वेलींना. मी तेव्हा रिटायर झालेला असेन. गार खोलीत बाकावर बसून राहायला वेळच वेळ. समोर कोण बसेल ते माहीत नाही.

अव्वाचं जाडं पांघरूण शां.ने आज उन्हात घातलं. का, विचारलं नाही.

संध्याकाळी राजम्मा आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली. हातात आमचा दोर, रहाटाला पुरेल एवढा लांब. "शेळीच्या वेळी नेला होता की आमच्या माणसानं. राहूनच गेला." मग विटांकडे बघितलं. "काय बांधताय मास्तर?"

म्हटलं, उद्या ठरणार.

ती थोडा वेळ उभी राहिली. दोर माझ्याकडे द्यावा की आत शां.कडे न्यावा, असं काहीतरी तिच्या मनात असावं. मी हात पुढे केला नाही.

"मग ठरल्यावर देते," म्हणाली, आणि दोर घेऊन परत गेली.